चौदा दारं, एक वाट : भुसावळ ते नवापूर, चार दिवस

गेल्या महिन्याच्या शेवटी खान्देशात चार दिवस जाऊन आले. परत आल्यावर शाळेतल्या परीक्षांमध्ये अडकले त्यामुळे लिहायला उशीर झाला, पण लिहायचं होतंच, कारण मी गेली सतरा वर्षं चित्रकला शिकवतेय आणि अशी चित्रं, म्हणजे अशा पद्धतीने जगणारी चित्रं, मी आधी कधी पाहिली नव्हती.

झालं असं की माझी ए.टी.डी.ची (चित्रकला शिक्षक पदविकेची) रूममेट भुसावळची, रेल्वे कॉलनीत वाढलेली, कॅथलिक. तिचे वडील निवृत्त ड्रॉइंग मास्तर, मी त्यांना काका म्हणते. काका लिनोकट करतात, म्हणजे लिनोलियमच्या शीटवर चित्र कोरून त्याचे छाप काढतात, हे मला माहीत होतं, पण ही गेल्या दिवाळीला फोनवर म्हणाली, "पप्पांची चित्रं बघायची तर उपवासकाळात ये, आणि शुक्रवार धरून ये, नाहीतर नुसते कागद दिसतील." (उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे साधारण चाळीस दिवस.) तेवढ्यावर तिकीट काढलं.

दिवस पहिला, गुरुवार : चाळीसगावला उतरून मग भुसावळ

नाशिकरोडहून सकाळी निघाले. सरळ भुसावळला जाता आलं असतं पण चाळीसगावला उतरायचंच हे ठरलेलं, छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायला. 1912 ते 1989. स्टेशनच्या जवळच बंगला, आणि या माणसाने आयुष्यातली कितीतरी दशकं त्या घराबाहेर जवळजवळ पाऊल टाकलं नाही म्हणतात. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड जमवायचा आणि अख्खं निसर्गदृश्य वाटेल असा फोटो काढायचा, त्याला टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात. पंजाब मेलने कुणीतरी येईल म्हणून रोज गाडीच्या वेळेला दार उघडून वाट बघायचे ही गोष्ट तर चाळीसगावात रिक्षावालाही सांगतो. मी तिथे तासभर होते, बाहेर पडताना घसा दाटला होता. एकट्या माणसाने बंद दाराआड इतकं काम करून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी भुसावळमध्ये जे पाहिलं ते याच्या अगदी उलट टोकाचं होतं, म्हणून हे आधी सांगितलं.

(जाणार असाल तर आधी फोन करून उघडं आहे का विचारून घ्या. आणि दोन गाड्यांच्या मध्ये तीन तास तरी ठेवा.)

दुपारच्या गाडीने भुसावळ. फेब्रुवारी संपायचा होता तरी स्टेशनबाहेर ऊन अंगावर आलं. पाचोऱ्यानंतर खिडकीतून केळीच्या बागा सुरू होतात त्या बघत बघत आले होते त्यामुळे डोळे थंड, पाय मात्र भाजलेले. मैत्रीण स्कूटी घेऊन आली होती. घरी पोचल्या पोचल्या काकूंनी गूळ आणि पाणी ठेवलं, मग चहा, मग लगेच "शेवभाजी चालेल ना गं? तिखट खातेस का अजून पूर्वीसारखी?" चालेल काय, त्यासाठी तर यायचं. जाड तिखट शेव, काळ्या मसाल्याचा लाल तवंगाचा रस्सा, वर ज्वारीची भाकरी. काकू मूळच्या गोव्याच्या घरातल्या, लग्न होऊन चाळीस वर्षांपूर्वी इथे आल्या, पण आता त्यांचा काळा मसाला शेजारच्या लेवा पाटलांच्या काकूसुद्धा मागून नेतात.

भुसावळबद्दल थोडं सांगायला हवं. हे गाव रेल्वेचं. यार्ड, लोको शेड, ट्रेनिंगची संस्था, सगळं रेल्वे. आणि रेल्वेबरोबर गोव्याचे, तमिळ, अँग्लो-इंडियन असे कॅथलिक लोक इथे आले आणि राहिले. आता त्यातले बरेच मुंबई-पुणे-आखातात गेलेत, जी घरं उरली ती सगळी एकमेकांची. पुढे 1987 मध्ये नाशिक धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला भाग) झाला तेव्हा जळगाव-धुळ्याचा हा भाग त्यात आला, त्यामुळे काकांना नाशिक म्हणजे आपलंच वाटतं.

रात्री अंगणात बसलो तेव्हा काकांनी समजावून सांगितलं की हे नेमकं काय आहे. कॉलनीत आणि आसपास अकरा कॅथलिक कुटुंबं आहेत. दर आठवड्याला एकाच्या घरी जमतात, बायबलातला उतारा वाचतात, त्यावर सगळे बोलतात, अगदी सातवीतली मुलगीसुद्धा. याला छोटा ख्रिस्ती समूह म्हणतात, बऱ्याच धर्मग्रामांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, असतात. फादर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीला, असतात, सल्ला देतात, पण हा समूह चालवणारे सगळे प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले. गार्ड, नर्स, पेन्शनर, शिवणकाम करणारी बाई. काका म्हणाले, "आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादरांची पाठ आमच्याकडे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1965 नंतर, हळूहळू मराठी आली आणि आम्हाला कळलं की आपल्यालाही तोंड आहे."

या समूहाचं मुख्य काम म्हणजे आठवड्यातून दोनदा सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना जेवण. खिचडी किंवा वरण-भात, मोठ्या पातेल्यात, अकरा घरांत पाळीपाळीने. बावीस वर्षं चाललंय. आणि काकांची सगळी चित्रं या पातेल्याभोवतीची आहेत.

दिवस दुसरा, शुक्रवार : भुसावळ, दिवसभर

सकाळी साडेसातला हवेत गारवा होता. काका आधीच उठून मागच्या पडवीत बसलेले. लिनोची शीट त्यांनी उन्हाच्या तिरपेत ठेवली होती, कोमट झाली की कटर लोण्यासारखा चालतो, थंड असली की तुटते. हे मी पोरांना शिकवते पण आमच्या शाळेत ऊन यायला खिडकीच नाही.

पडवीतल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक पिवळी पडलेली झेरॉक्स चिकटवलेली. तीच पहिल्यांदा दाखवली. फ्रिट्झ आयखेनबर्ग यांचं लाकडावर कोरलेलं चित्र, 1950 च्या सुमाराचं. भाकरीसाठी रांगेत उभी असलेली गरीब माणसं, थंडीने अंग चोरून घेतलेली, आणि रांगेच्या मध्यभागी, त्यांच्यातलाच एक होऊन, ख्रिस्त. वाढायला नाही, घ्यायला उभा. हे चित्र न्यूयॉर्कच्या कॅथलिक वर्कर या चळवळीसाठी केलेलं. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन या दोन प्रापंचिकांनी 1 मे 1933 ला एक सेंट किमतीचं वर्तमानपत्र काढून ती सुरू केली, आणि पाठोपाठ बेघर लोकांना सूप, कॉफी, झोपायला जागा देणारी घरं निघाली. आयखेनबर्ग स्वतः कॅथलिक नव्हते, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते, जर्मनीतून 1933 मध्ये बाहेर पडलेले. 1949 मध्ये डोरोथी डे भेटल्या आणि त्यानंतर ते तिच्या पेपरसाठी चित्रं देत राहिले.

काका म्हणाले, "हे मी पाहिलं तेव्हा चाळिशीत होतो. तोपर्यंत मी कॅलेंडरवरचा गोरा, निळ्या डोळ्यांचा येशू काढायचो, ऑर्डरी मिळायच्या. हे बघितलं आणि दोन वर्षं काहीच काढलं नाही."

दुसरं नाव त्यांनी घेतलं आदे बेथ्यून यांचं. बेल्जियममध्ये जन्मलेली मुलगी, विशी गाठायच्या सुमाराला त्या पेपरला चित्रं देऊ लागली. तिचे संत कसे, तर हातात करवत, झाडू, कुदळ घेतलेले, काम करणारे. पेपरच्या मथळ्याचं चित्र तिने 1935 मध्ये केलं, दोन कामगार आणि त्यांच्यामागे ख्रिस्त, आणि पन्नास वर्षांनी, 1985 मध्ये, स्वतःच ते बदलून एका पुरुषाच्या जागी लेकरू घेतलेली शेतमजूर बाई काढली. काकांना हे फार आवडतं. "स्वतःचंच चित्र पन्नास वर्षांनी दुरुस्त करायचं," दोनदा म्हणाले.

मी त्यांना आंजेलो द फोन्सेकांबद्दल बोलले. गोव्याचे, 1902 चे, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकलेले. चित्रात मारियेला, येशूच्या आईला, साडी नेसवली म्हणून गोव्यात लोक चिडले तेव्हा पुण्याला आले, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि तिथे काम केलं. आश्रम अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचा), हे कॅथलिक, तरी जमलं. 1967 मध्ये गेले. त्यांची बरीच चित्रं आता गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. काका म्हणाले हो, साडीतली मारिया मी पाहिलीय छापलेली, पण ती फार शांत आहे, आमच्या बायका इतक्या शांत कधी बसतात?

आता काकांच्या चित्रांकडे येते. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानकं, येशूला शिक्षा सुनावल्यापासून कबरीत ठेवेपर्यंत. स्थानकं चौदाच हे 1731 मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी पक्कं केलं. कॅथलिक चर्चमध्ये भिंतीवर दोन्हीकडे सात-सात लावलेली असतात, उपवासकाळात दर शुक्रवारी लोक एकेका चित्रापुढे थांबून प्रार्थना करतात. काकांनी त्या चौदाचे ब्लॉक करायला सहा वर्षं घेतली.

पाचव्या स्थानकात सायमन नावाच्या वाटसरूला पकडून क्रूस उचलायला लावतात. काकांचा सायमन भुसावळ स्टेशनचा हमाल आहे, मुंडासं, दंडाला बिल्ला. दवाखान्यात बायकोला घेऊन आलेला एक हमाल दादा यांच्या पंगतीला बरेच दिवस जेवायला होता, तोच. पुढे तोच पातेलं उचलायला येऊ लागला, अजून येतो. त्याला पहिला छाप दाखवला तर तो बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, बिल्ला डाव्या दंडाला अस्ते. हा उजव्याले बांधेल हाय."

लिनो उलटा छापतो. ब्लॉकवर डावं ते कागदावर उजवं. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही, चाळीस वर्षं मास्तरकी केलेली, पण बिल्ल्याकडे लक्ष नव्हतं. तो ब्लॉक पुन्हा नव्याने कोरला. मग शेवटच्या भोजनाचं चित्र. ते चौदांत येत नाही, पण ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारसाठी वेगळं केलेलं. त्यात पंगत बसलीय भरताची, केळीची पानं, कळण्याची भाकरी, मध्ये येशू. समूहातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना दाखवलं. आजी म्हणाल्या, "देवा! सगळे डाव्या हाताने जेवतायत." बारा जण आणि येशू, तेराही डाव्या हाताने! काकूंनी पुढे विचारलं, भाकरी थापणाऱ्या कुठायत? मग दुसऱ्या ब्लॉकमध्ये सगळे उजव्या हाताने जेवतात आणि मागे चुलीपाशी तीन बायका आहेत, त्यातली एक तव्यावरून वळून पंगतीकडे बघतेय. डावखुरा ब्लॉकही काकांनी ठेवलाय, पडवीच्या भिंतीला टेकवून. तेव्हापासून कुठलंही चित्र कोरायच्या आधी आरशात धरून आजींना दाखवायचं हा नियमच झाला.

तेराव्या स्थानकात, क्रुसावरून उतरवलेला देह आईच्या मांडीवर. आईचं तोंड पदरात, दिसतात फक्त हात, आणि ते हात मी आदल्या रात्री भाकरी वाढताना पाहिले होते. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "हात घे म्हटलं, तोंड नको. तोंड दिलं तर बाया मलाच बघत बसतील."

मग आम्ही छपाईला बसलो. दर शुक्रवारी सकाळी फक्त सहावं स्थानक नव्याने छापतात, बाकीचे छाप जुनेच. सहावं म्हणजे वेरोनिका, गर्दीतून पुढे येऊन येशूचा चेहरा पुसते आणि तिच्या कापडावर तो चेहरा उमटतो. बायबलात हा प्रसंग नाही, वेरोनिकाचं नावही नाही, लोकांनी परंपरेने जपलेली गोष्ट आहे. काकांची वेरोनिका रेल्वेची सफाई कामगार बाई, प्लॅटफॉर्मवरची, पदर पुढे धरलेला. आणि पदर कोरा. त्या जागेचा लिनो त्यांनी पार तळापर्यंत खोदून काढलाय. काचेवर काळी शाई रोलरने पसरायची, ती चर्र चर्र वाजायला लागली की बरोबर झाली, मग ब्लॉकवर, मग ओलसर कागद, आणि प्रेस नाही म्हणून काकूंच्या जुन्या वरणाच्या पळीची पाठ घेऊन घासायचं, मधून बाहेर, गोल गोल. पळीची पाठ घासून घासून आरशासारखी झालीय. मी दोन छाप काढले. कागदाचा कोपरा उचलून बघताना दरवेळी जे पोटात होतं ते झालं. शाईचा वास, खोदलेल्या जागेतही कुठेतरी राहिलेल्या बारीक काळ्या रेघा, आणि मधोमध तो पांढरा पदर.

दुपारी झोप काढली. (उन्हाळा सुरू होताना खान्देशात दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, पाण्याची बाटली आणि रुमाल सोडू नका. भरीत खायचं असेल तर थंडीत या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मला शेवटचं मिळालं, हिरवी लांब वांगी, काड्यांवर भाजलेली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेली.)

संध्याकाळी साडेपाचला लोक जमले. मला वाटलं होतं चर्चमध्ये जाऊ, तर नाही, चर्चमधली क्रुसाची वाट वेगळी, ही कॉलनीतली. चौदा स्थानकं चौदा दारांवर लावतात. आणि कॅथलिक घरं अकराच! उरलेली तीन कुठे, तर एक पिठाच्या चक्कीवर, एक लेवा पाटील काकूंच्या दारावर, आणि एक इस्त्रीवाल्या चाचांच्या टपरीवर. कुणी ठरवून केलं नाही, पहिल्या वर्षी दारं कमी पडली म्हणून काका विचारायला गेले आणि ते हो म्हणाले. पाटील काकू तर स्थानकाच्या खाली रांगोळी काढतात. त्यांच्या दाराशी थांबलो तेव्हा मला म्हणाल्या, "तू नाशिकची का वं? दरसाल ये, आमच्या दारावरचं सगळ्यात चांगलं हाय."

पुढे एक मुलगा साधा लाकडी क्रूस घेऊन, मागे सगळे, साधारण साठेक माणसं. प्रत्येक दारापाशी त्या घरातलं कुणीतरी दोन ओळी स्वतःच्या शब्दांत बोलतं. तिसऱ्या स्थानकाला, पहिल्यांदा पडतो तिथे, एक निवृत्त गार्ड नोकरीत सस्पेंड झाले होते त्या वर्षाबद्दल बोलले. चौथ्याला, आई भेटते तिथे, मुलगा आखातात असलेली बाई काही बोलूच शकली नाही, नुसती उभी राहिली, आणि सगळे तिच्याबरोबर तसेच उभे राहिले, तेवढा वेळ यार्डातल्या शंटिंगचे धक्के ऐकू येत होते.

सहावं स्थानक इस्त्रीवाल्या चाचांच्या टपरीवर. सकाळचा छाप, शाई अजून ओली. इथे प्रथा अशी की त्या दिवशी हजर असलेलं सगळ्यात लहान पोर त्या कोऱ्या पदरावर पेन्सिलीने चेहरा काढतं. त्या दिवशी साडेचार वर्षांची एक मुलगी होती, आजोबांनी तिला कडेवर उचललं. तिने एक गोल काढला, दोन डोळे, एक नाक, मग थांबली, विचार केला, आणि तोंड न काढताच पेन्सिल परत दिली. कुणी हसलं नाही, कुणी "तोंड काढ ना" म्हटलं नाही. काका वाकून बघत होते. तिचा अंगठा ओल्या शाईला लागला होता, तो कागदाच्या कडेवर उमटला. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि रमजान एका दिवसाच्या फरकाने सुरू झाले, त्यामुळे चाचांचा रोजा होता, चौदावं स्थानक होईपर्यंत रोजा सोडायची वेळ झाली. परतताना त्यांनी त्या पोरीच्या मुठीत दोन खजूर ठेवले.

नंतर सगळ्यांना साधी खिचडी-कढी. शुक्रवारी उपवासकाळात मांसाहार नाहीच, शिवाय त्या दिवशीच्या जेवणाचे वाचलेले पैसे डब्यात टाकायचे, डबा दवाखान्याच्या पातेल्यासाठी. (तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर डब्यात टाका, घरात कुणाच्या हातात पैसे देऊ नका, घेत नाहीत. आणि प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका, नंतर विचारलंत तर आनंदाने दारं परत उघडून दाखवतात.)

दिवस तिसरा, शनिवार : नवापूरकडे

काकांच्या छापांचा एक संच नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलाय आणि तिथल्या बायकांनी त्यावरून भिंतीवर काहीतरी काढलंय एवढंच काकांना माहीत होतं, त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं. गुडघ्यांमुळे ते येऊ शकले नाहीत, मैत्रीण आणि मी निघालो. सुरत लाइनची पॅसेंजर, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूर. पाचेक तास धरून चाला. आमची गाडी दोंडाईच्याच्या अलीकडे दोन तास उभी राहिली. डब्यात होळीसाठी गावाकडे निघालेले लोक, सातपुड्याकडे होळीआधीचे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार चालू होते त्यामुळे पायऱ्यांवरही जागा नाही. एका आजींनी आम्हाला बघून सरकून घेतलं, "कथाईन उनात बेटा? (कुठून आलात?) बठा, बठा, जागा शे." मग त्यांच्या फडक्यातली दादर ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी आम्हाला, आमची केळी त्यांना. भुसावळला चित्रं बघायला आलो म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं नाही, म्हणाल्या आमच्या गावात पण मारुतीच्या देवळात चांगली काढेल शेत, म्हणजे काढलेली आहेत.

नंदुरबारला डब्यात मिरचीचा ठसका शिरला. बाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली, लांबपर्यंत लाल. (दमा असेल तर नाकाला रुमाल बांधा, खरंच.) नवापूर स्टेशनची गंमत म्हणजे ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये, बाकड्यावरसुद्धा सीमेची खूण आहे.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मावची आदिवासी लोकांची वस्ती, पंचवीस-तीस घरं, त्यातली नऊ कॅथलिक. चॅपल म्हणजे कुडाची एक खोली, शेणाने सारवलेली. आत भिंतीवर गेरू आणि खडूमातीने काढलेली चौदा चित्रं, एकेक हातभर. दारातच थांबले मी. काकांची मांडणी ओळखू येत होती पण सगळं त्यांनी आपलं करून घेतलेलं. नवव्या स्थानकात येशू तिसऱ्यांदा पडतो, तिथे वर मोहाचं झाड आहे आणि पडलेल्या देहाभोवती मोहाची फुलं, ठिपके ठिपके. मोह फुलायचे दिवस जवळ आले होते. ज्या ताईंनी चित्रं काढली त्यांना मराठी कमी येतं, त्यांच्या भाच्याने सांगितलं की पहाटे फुलं वेचायला जातो तेव्हा वाकून वाकून सगळ्यांचीच अशी अवस्था होते, म्हणून तिथे काढलं.

आणि पाचवं स्थानक! काकांचा हमाल नाहीच. क्रूस घ्यायला पुढे आलेली एक बाई आहे, डोक्यावर चुंबळ. मी विचारलं सायमन बाई कशी? ताई हसल्या, काहीतरी बोलल्या, भाच्याने सांगितलं, "ती म्हणते, इथे ओझं बायकाच नेतात, पुरुषाला डोक्यावर घेता येत नाही."

मैत्रिणीने फोनवरून काकांना व्हिडिओ कॉल लावला, रेंज येत-जात होती. काकांनी पाचवं स्थानक बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, चुंबळ जवळून दाखव. तीनदा दाखवायला लावलं.

रात्री तिथेच राहिलो. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, आणि अंगणात खाट टाकून झोप. पहाटे गार वारा सुटला तर ताईंनी येऊन गोधडी घातली.

दिवस चौथा, रविवार : परत

सकाळी प्रार्थना. त्या दिवशी फादर येणार नव्हते, महिन्यातून एकदाच येतात, त्यामुळे वाचन आणि गाणी लोकांचीच, ढोलकीवर मावचीत. मला शब्द कळले नाहीत, तरी शेवटपर्यंत बसले.

परतीला नवापूरहून साक्रीमार्गे धुळ्याची एसटी. कोंडाईबारी घाटात पळस पेटलेला होता, दोन्ही बाजूंनी. धुळ्याहून नाशिकच्या गाड्या सतत असतात, रविवारी संध्याकाळी मात्र गर्दी, जागा हवी तर चारच्या आत स्टँडवर पोचा. मैत्रीण धुळ्याहून भुसावळला वळली. मी तिच्याजवळ ताईंच्या भिंतीवरच्या गेरूचा एक खडा दिला, काकांसाठी.

शुक्रवारचा तो सहाव्या स्थानकाचा छाप काकांनी मला दिलाय. नेहमी तो पुढच्या शुक्रवारी, चेहरा काढणाऱ्या पोराच्या घरी जातो, यावेळी पोरीच्या आईने "पाहुण्यांना द्या" म्हटलं, त्यांच्याकडे मोठ्या मुलाचा आधीच एक आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून, केळीच्या सोपाच्या दोऱ्याने बांधून आणला. शाई पूर्ण वाळायला सहा दिवस लागले. परवा फ्रेमवाल्याकडे घेऊन गेले. त्याने माप घेतलं, चेहऱ्याला तोंड नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही बहुतेक, पण कडेचा काळा अंगठा दिसला.

"मॅडम, हा डाग आहे, माउंटमध्ये झाकून टाकू?"

नको म्हटलं, तो दिसला पाहिजे, माउंट अर्धा इंच बाहेर घ्या.